हिरव्या पानाला विळा नको

मी हळदीचं पान बोलतोय. कुरुंद्याच्या शिवारात, व्यंकटरावांच्या मळ्यात उभा आहे. उभा कसला, कलंडलोय! दसऱ्याच्या सुमारास उलगडलो, तेव्हापासून एकच धंदा. ऊन झेलायचं, हवा ओढायची, मुळांनी पाठवलेल्या पाण्यात ती मुरवून साखर करायची आणि खाली मातीतल्या गड्ड्याला पोचवायची. ढगाळ दिवशी काय ती जरा उसंत.

बाकी सगळे आयते खाणारे. मागे एक अळी आली आणि माझी कड कुरतडून गेली. खाल्लेलं निम्मंअधिक तिच्या वळवळण्यातच संपलं. उरल्यासुरल्यासकट तिला कोतवाल पक्ष्यानं उचललं. म्हणजे माझी मेहनत, थोडीशी का होईना, बांधावर बसून शेपूट हलवत होती! मला कुणी विचारलं का? पण थेट उन्हावर जगणं आम्हा हिरव्यांनाच जमतं, त्याला करणार काय?

काल व्यंकटराव विळा घेऊन आले. हळद शिजवायच्या कुकरचा नंबर अचानक आधी लागला होता, म्हणून पानं कापून गड्डे खणायची घाई. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुटलो बुवा एकदाचा!

तेवढ्यात त्यांच्या कारभारणीनं, अनुसूयाबाईंनी, आमच्या बुडाशी बोटं खुपसून माती उकरली.

"आवो, काहून कापून राहिलात? पानं हिरवीगार हायेत. गड्डा भरलाच न्हाई अजून."

"कुकर परवा येऊन राहिला. मंग कवा मिळंल?"

"वरचा वाफा पिवळा झालाय, त्यो कापा. ही सरी बेण्याची हाय. असलं पोचट बेणं लावून पुढच्या साली काय उगवंल, माती?"

व्यंकटरावांनी विळा मागे घेतला. "बरं बाई, ऱ्हाऊ दे तुझी सरी," म्हणत वरच्या वाफ्याकडे गेले.

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. पुन्हा तेच ऊन, तेच राबणं! पण बाईंनी उकरलेला गड्डा मी पहिल्यांदाच पाहिला. किती किरकोळ अंग त्याचं! इतके दिवस याच्याचसाठी झिजलो, आणि याला अर्धपोटी टाकून सुटणार होतो.

दमलोय हो, फार दमलोय. तरी आठ-पंधरा दिवस रेटतो. पिवळा पडलो की समजा, होतं नव्हतं ते खाली पोचलं. मग खुशाल कापा, मी हूं की चूं करणार नाही. तोवर एवढीच विनंती, माझ्या उन्हाच्या आड येऊ नका.