राबावरचं तळं

मी एक जुनी सुरी आहे. भाजी चिरायची नव्हे, मला धारच नाही. तैलरंग कालवायचे आणि चुकलेला रंग खरवडून काढायचा, हे माझं काम. मित्रांनो, रंग फासणारे ढीगभर भेटतात. खरवडायला हिंमत लागते, आणि ती मी फार थोड्यांत पाहिली.

माझं पातं एका कारखान्यात घडलं. १९९४ साली झुंबर सरांनी मला मेनरोडवरून विकत आणलं आणि इंदिरानगरातल्या आपल्या चित्रकलेच्या वर्गात ठेवलं. सुरुवातीला मी लखलखत होते, सर येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायचे. पुढे मला पुसायचंही कुणाला सुचेना.

आणि सरांचं निसर्गचित्र! काय तर म्हणे वास्तववादी! मागे इगतपुरीचा डोंगर, खाली एक झोपडी, एक तळं, तळ्यात दोन हंस, काठावर नारळ. अहो, इगतपुरीच्या डोंगरात हंस कुणी पाहिलेत? पण विद्यार्थी माना डोलवायचे. वर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर प्रत्येकाच्या चित्रावर 'जरा हात फिरवायचे'. आयत्या पिठावर रेघोट्या! सगळी चित्रं मग एकाच आईची लेकरं दिसायची.

२००४ मध्ये मालनबाई वर्गात आल्या. नवरा अंबडला कंपनीत, माहेर इगतपुरीकडचं. त्यांच्या भावाने, नाथाने, भाताचं वावर रिसॉर्टवाल्याला विकलं होतं. म्हातारी आई अक्काबाई लेकीकडे राहायला आली होती आणि उठताबसता म्हणायची, "मला माजं वावर दाव." दाखवणार काय? तिथं तारेचं कुंपण आणि आत बुलडोझर. म्हणून मालनबाईंना ते वावर जसंच्या तसं चित्रात हवं होतं.

हात अगदी कच्चा. पहिला डोंगर उशीसारखा झाला, खरवडला. दुसरा इतका गडद झाला की अंगावर येऊ लागला, तोही खरवडला. पण बाईंनी मला रोज टर्पेंटाइनने पुसलं, आणि हळूहळू त्या शिकल्या. लांबचा डोंगर फिका, निळसर. आधी पातळ थर, तो वाळला की मगच पुढचा. शेवटी उन्हाळ्यातलं वावर उभं राहिलं. पिवळं गवत, दगडी बांध आणि मधोमध काळा राब. भाताचं बी टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात.

"बाई, हा डाग कसला?" सर म्हणाले. "निसर्ग हिरवा असतो!"

"राब आहे तो, सर."

"लोकांना काय कळणार राब?"

डोंबल! लोकांना कळत नाही म्हणून जमीन हिरवी होते का? बाई महिनाभर चित्राला शिवल्या नाहीत, ते वाळत होतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मात्र सरांनी हात फिरवलाच. राबावर तळं आलं, तळ्यात हंस, काठाला नारळ.

दुसऱ्या दिवशी वर्गातच मांडलेल्या प्रदर्शनात अक्काबाई काठी टेकत चित्रासमोर आली. पाहत राहिली.

"ह्ये कोनाचं हाय?"

"आपलंच गं, आई."

"आपल्यात नारळ कवा व्हता? माजं नाय ह्ये." म्हातारीचा चेहरा पडला. ती माघारी वळली.

मालनबाईंनी टेबलावरून मला उचललं.

"अहो, पाहुणे आलेत!" सर ओरडले.

"चुकलं की खरवडायचं, तुम्हीच शिकवलंत ना, सर?"

सरांचा रंग कालचा, ओला. बाईंचा खाली पक्का वाळलेला. मी फिरले. नारळ गेला, हंस गेले, उरलेलं तळं बाईंनी चिंधीने पुसलं. आयुष्यात इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. खालून राब वर आला, काळाकुट्ट.

"आई, आता बघ."

अक्काबाई अगदी जवळ गेली. राबाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून करवादली, "हितं भाजलंच नाय नीट! नाथ्या पैल्यापासून आळशी!" आणि तिथंच खुर्ची ओढून बसली. प्रदर्शन बंद होईपर्यंत उठली नाही.

मी पुन्हा सरांच्या डब्यात पडले. आज माझ्या अंगावर गंज आहे आणि वाळका हिरवा रंग. मित्रांनो, काम झालं की मला पुसत जा. आणि दुसऱ्याच्या वावरात नारळ लावू नका. त्या वावराची वाट पाहत कुणीतरी म्हातारी बसलेली असते.