बंद म्हणजे चालू

“बंद म्हणजे चालू?” सुदामनं पेन्सिल कागदावर आडवी टाकली. “मग चालूला काय म्हणतात तुमच्यात?”

“मामा, दिवा बंद वेगळा आणि कॉन्टॅक्ट बंद वेगळा.” अस्मितानं तान्ही लेक एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि मोकळ्या हाताची दोन बोटं जुळवून दाखवली. “ही टोकं मिटली, की कॉन्टॅक्ट बंद. मिटलीत म्हणून करंट पलीकडे जातो. आणि ही अशी लांब केली की उघडा. मध्ये फट. करंट अलीकडेच.”

“नळ उघडला की पाणी येतं.”

“नळाचं सोडा हो.”

“कसं सोडू? सगळ्या जगाचं एक आणि तुझ्या आयटीआयचं एक?”

आतून सुदामच्या बायकोचा, भिमाबाईचा आवाज आला. “सासरा पहिलीत नि सून मास्तरीण! एवढंच बघायचं राहिलं होतं आपल्या बुवापाड्यानं.”

“तू भाकऱ्या कर गं,” सुदाम म्हणाला, पण हसला.

पहिल्या पाळीहून तो घरी आला, जेवला, की दोघं अशी बसत. जुलैच्या पुरात सुदाम कामाला होता तो बदलापूरचा कारखाना छातीभर पाण्यात गेला होता. पाणी ओसरलं तेव्हा सुदामच्या जुन्या पॅनलमधून चिखल काढावा लागला. त्या पॅनलला कधी कागद लागला नव्हता. लाल वायर पंपाची, चिंधी बांधलेली पंख्याची, तापून काळी पडलेली क्रेनची. हेल्पर म्हणून लागल्यापासून त्यानं स्वतःच्या हातांनी जोडत, तोडत आणलेलं ते जाळं होतं. नवं पॅनल आलं, त्यातल्या सगळ्या वायरी एकाच करड्या रंगाच्या. प्रत्येकीच्या गळ्यात नंबराचं बारीक कडं आणि सोबत घडीघडीचं ड्रॉइंग. नव्या इंजिनियर साहेबांनी सांगून टाकलं, ज्याला ड्रॉइंग वाचता येईल तो मेंटेनन्सला, बाकीचे पॅकिंगला. पगार तोच. पण मशीन अडलं की साऱ्या शेडमधून “अरे सुदामला बोलवा” अशी हाक उठायची, ती हाक काही पॅकिंगमध्ये येणार नव्हती.

“आणि ही तिरकी रेघ?” त्यानं बोट ठेवलं. “ह्याच्यावर काट मारलीय. म्हणजे रद्द ना?”

“काट नाही मामा. तीच तर बंद असल्याची खूण. रेघ असली की जोडलेलं, नसली की तुटलेलं. आणि चित्र नेहमी झोपलेल्या मशीनचं काढतात. कुणी बटन दाबलेलं नाही, करंट आलेला नाही, असं समजून.”

“झोपलेल्या मशीनचं.” हे त्याला आवडलं. त्यानं तान्हीकडे पाहिलं. “हिच्यासारखं. उठल्यावर काय करील ते झोपेत कळतं होय?”

“ड्रॉइंगमध्ये कळतं,” अस्मिता म्हणाली.

ती हे सांगताना वेगळीच दिसे. घरात कमी बोलणारी ही मुलगी कागदावर वाकली की आवाज चढवी, चुकलं की टेबल नसल्यानं जमिनीवरच टिचकी मारी. आयटीआयच्या अख्ख्या ट्रेडमध्ये ती धरून दोघीच मुली होत्या म्हणे. लग्न झालं, मग कल्याणहून अप्रेंटिसचं बोलावणं आलं तेव्हा तिला सातवा महिना होता. तिचा नवरा राजरत्न काहीच बोलला नव्हता. सुदामच म्हणाला होता, “पुढच्या वर्षी जा की, ते काय पळून जातंय?” पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. आता ती रिले, म्हणजे करंटनं आपोआप उघडमीट करणारा स्विच, समजावत असताना सुदामला मध्येच ते आठवे आणि रिले डोक्यातून निसटून जाई.

“लक्ष कुठंय, मामा?”

“हितंच आहे. परत सांग.”

त्यानं पाठच केलं. बंद म्हणजे चालू, उघडं म्हणजे तुटलं. आंघोळ करताना, स्टेशनकडे चालताना तेच. दाराची कडी लावतानासुद्धा तो पुटपुटला, तेव्हा भिमाबाईनं कपाळाला हात लावला.

परीक्षेला साहेबांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. भोवती शेडमधले चारचौघं उभे.

“काका, ये स्टॉप बटन. दबाने से पहले कॉन्टॅक्ट कैसा है?”

तिरकी रेघ होती. “बंद.”

“शाब्बास. दबाया तो?”

“खुलेगा.”

“तो मोटर?”

“बंद,” सुदाम पटकन म्हणाला. आणि लगेच त्याचा त्यालाच धक्का बसला. बंद? बंद म्हणजे तर चालू. सुनेनं एवढं घोकून घेतलं आणि ऐन वेळी आपण जुनीच बोली बोललो! “नाय नाय साहेब, चुकलं. चालू. मोटर चालू.”

साहेबांनी ड्रॉइंगवरून मान वर केली.

“स्टॉप दबाया और मोटर चालू?” साहेब वाईट माणूस नव्हते; हसू दाबत होते. “किसने पढाया, काका?”

“सुनेनं. आयटीआय झालीय ती. इलेक्ट्रिशियन.”

“फिर बहू को ही भेज दो!”

सगळे हसले. सुदामही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

घरी आला तेव्हा अस्मिता गॅलरीत लंगोट वाळत घालत होती. त्यानं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, “पॅकिंग.”

सगळं ऐकून ती म्हणाली, “पण तुम्ही आधी बरोबर बोललात.”

“हो. मग मीच खोडलं.”

“माझंच चुकलं मामा. मोटरचं बंद ते बंदच, हे सांगायचं राहिलं. मला वाटलं, ते तर तुम्हाला माहीतच आहे.”

“माहीत होतंच गं.” तो उंबऱ्यावर टेकला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “साहेब म्हणाले, तू नको, सुनेलाच पाठव.”

अस्मिता मोठ्यानं हसली. मग हातातला लंगोट तसाच धरून म्हणाली, “खरंच म्हणाले?”

“मस्करीत गं. असंच.”

“हो, मस्करीतच असणार.” तिनं तो लंगोट झटकून दोरीवर टाकला, कडा जुळवल्या. थोड्या वेळानं, पाठ तशीच ठेवून तिनं विचारलं, “पण म्हणाले ना?”

“म्हणाले,” सुदाम म्हणाला.

बादली रिकामी झाली होती. तरी ती दोरीवरचे लंगोट एकेक सरकवून सारखे करत तिथंच उभी राहिली.