उतरलेली साखर

साखर निसारच्या रक्तात होती आणि धसका ताजबीच्या पोटात. मंगळवार पेठेत मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणारा हा बाप्या, गुळाचा खडा दिसला की पोरासारखा हात घालायचा. ती तो हातातून काढून घ्यायची, वर चार शब्द सुनवायची. सगळा संसार याच भांडणात गेला.

त्यात निसारला कावीळ झाली. डोळे पिवळे, अन्नाचा वाससुद्धा नको. विषाणूनं लिव्हर सुजलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं, औषधं दिली. साखरेच्या रोजच्या गोळीचं काय करायचं, हे विचारायचं मात्र ताजबीला सुचलंच नाही. उलट घरच्या मशीनवर साखर उतरताना बघून तिला हुरूप आला. कधी नव्हे ती शंभराच्या आत आली, तेव्हा तिनं शेजारच्या बायडाबाईला हाक मारून सांगितलं.

"बरं झालं की गं! उसाचा रस पाजतीस न्हवं?"

"रस कशाला? आत्ता कुठं साखर आवाक्यात आलीया," ताजबी म्हणाली, आणि गोळी निसारच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चहा घेऊन गेली, तर निसार शिलाई मशीनवर बसलेला. पुढ्यातलं कव्हर उलटं शिवलेलं, अंगाला दरदरून घाम.

"अवं, हे काय केलंसा?"

त्यानं मान वर केली. "या पावणं. काय काम हाय?"

ताजबीनं चहा तसाच खाली टेकवला. तिच्या हाकेसरशी लेक अरीबा धावत आली, तिनं बापाचं बोट टोचलं. चाळीस! तिनं डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावून आकडा आणि रोजची गोळी सांगितली.

"गिळता येतंय ना? मग गोड पाणी पाजा आणि ताबडतोब आणा!" डॉक्टर ओरडले. "माणूस जेवत नसला की लिव्हर साठ्यातली साखर रक्तात सोडतं, नवी तयार करतं. विषाणूनं त्या पेशींचा कारभारच मोडलाय. आणि तुम्ही वर गोळी देताय?"

म्हणजे आपण आनंद केला तो याचा! अरीबा रिक्षा आणायला पळाली. ताजबीनं पाण्यात गूळ कालवला, पेला त्याच्या ओठांना लावला.

निसारनं तोंड फिरवलं.

"न्हाय पावणं. गोड न्हाय चालत मला. बायको रागावती."

"प्या हो, पाया पडते तुमच्या!"

त्यानं ओठ घट्ट मिटले. डोळे मिटायला लागले होते.

ताजबीनं पेला पुन्हा पुढं केला.

"तिनंच पाठवलंय," ती म्हणाली. "प्या म्हणाली."

तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.