खांबापर्यंत पन्नास पावलं

आमच्या कुत्र्याचं नाव शेठ. पिल्लू असल्यापासून दारात असा ऐसपैस बसायचा, की आत येणाऱ्याने आधी त्याची परवानगी घ्यावी. दोन वर्षांचा असताना त्याचा उजवा खुबा निकामी झाला आणि डॉक्टरांनी नवा बसवला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर धातूचा गोळा, आणि गोळा फिरायला प्लास्टिकची वाटी. दोन-तीन महिन्यांत शेठ पळायला लागला. आमच्या ह्यांच्या डोक्यात मात्र ती वाटी जी शिरली, ती नऊ वर्षं निघाली नाही.

हे कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. आयुष्यभर झिजलेली बेअरिंगं काढायची आणि नवी घालायची. त्यामुळे त्यांचं म्हणणं एकच, "फिरेल ते झिजेल. जितकं कमी चालेल, तितकी वाटी जास्त टिकेल." ठरलं मग. सकाळी कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत पन्नास पावलं आणि पन्नास परत. संध्याकाळी तेवढीच. कुत्रा आहे की शिवणयंत्र, असं म्हणून मी भांडले. पण वाटी झिजली तर तिच्या कणांनी आजूबाजूचं हाड विरतं, दांडा हलायला लागतो आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. माझी बोलती बंद झाली.

बोलणं बंद झालं, चालणं नाही. दुपारी जेवून हे आडवे झाले, की मी पट्टा घ्यायचे आणि शेठला पुलापर्यंत फिरवून आणायचे. चांगला पाऊण तास, रोज. शेठही असा पक्का, की ह्यांच्याबरोबर असला म्हणजे खांब येताच आपणहून मागे वळायचा. पुढचा रस्ता जणू जन्मात पाहिला नाही!

यंदा बहिणीचा पाय मोडला म्हणून मी महिनाभर तिच्याकडे राहिले. परत आले तर शेठ मला बघून उठला, पण उजव्या पायाने लंगडत. हे हळूच म्हणाले, "वाटी गेली गं."

वाटी गेली नव्हती, मी घालवली होती. अकराव्या वर्षी त्याला पुन्हा टेबलावर झोपवायचं, त्यातून तो उठेल की नाही देव जाणे, आणि हे सगळं माझ्यापायी. दोन दिवस घास गिळवला नाही. तोंडातून मात्र ब्र काढला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शेठला गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढला आणि नऊ वर्षांपूर्वीच्या एक्स-रेशेजारी उजेडाच्या काचेवर लावला.

"हे बघा काका, वाटी झिजली असती तर गोळा वर सरकला असता."

ह्यांनी खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसून बाजूला झाल्या. "मोजा. गोळा सतरा मिलिमीटरचा आहे, त्यावरून प्रमाण धरा."

हे चष्मा कपाळावर चढवून मोजत राहिले. जुना, नवा, पुन्हा जुना. मी शेठचा कान धरून उभी.

"अर्धा मिलिमीटरसुद्धा सरकला नाही," हे म्हणाले. "नऊ वर्षांत! असलं बेअरिंग आम्हाला कधी मिळालं नाही."

"दांडाही घट्ट आहे," बाई म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"मग हा लंगडतो कशाने?" ह्यांनी विचारलं.

बाईंनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. "ही उजवी मांडी बारीक झालीय. सांध्याला स्नायू धरून ठेवतात, तेच ढिले पडलेत. आणि हे अलीकडचं आहे. याचं चालणं बंद केलंत का?"

"छे! रोज दोनशे पावलं, नेमाने."

"काका, दोनशे पावलांवर हा कुत्रा नऊ वर्षं असा राहिला नसता. कोणीतरी याला भरपूर चालवलंय."

आता लपवून काय करणार? "मी," मी म्हटलं. "पुलापर्यंत. रोज दुपारी, तुम्ही घोरत असताना. महिनाभर मी नव्हते, म्हणून ते थांबलं."

वाटलं, आता तोफ धडाडणार. पण ह्यांनी व्हर्नियर मिटून खिशात ठेवला. "आणि मला वाटत होतं, मी जपतोय त्याला," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पट्टा काढला, तर हे चपला घालून दारात उभे. पट्टा त्यांनीच घेतला. बाईंनी चालणं हळूहळू वाढवायला सांगितलं होतं, म्हणून त्या दिवशी फक्त पुढच्या वळणापर्यंत जायचं होतं. खांब आला. शेठ सवयीने थांबला आणि मागे वळला. हे थांबले नाहीत. तसा शेठ गोंधळला. आधी त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघत तो जागच्या जागी उभा राहिला.

"तिच्याकडे काय बघतोस, चोरा?" हे म्हणाले. "कळलंय मला सगळं. चल पुढे."