जप्त न झालेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे आणि मी कधीच जप्त झाले नव्हते, हे अखेर लेखी मान्य झालं. माझ्या मालकिणीचं, ताईचं, रेकॉर्ड धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मित्रांनो, आता एक करा. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ज्या दिवशी ते मान्य झालं, त्या दिवशी ते झालं काय आणि न झालं काय, सारखंच होतं. म्हणून मी आपली सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पाय, लाल रेक्झिनची गादी, डोकं टेकायला उशी आणि खाली एक पेडल. पेडल दाबत गेलं की मी वर जाते, दाबून धरलं की हळूच खाली येते. पाठीमागचा खटका ओढला की मागे कलते. हे मागे कलणं पुढे आम्हाला महागात पडलं.

केस कापणाऱ्या ताईने मला हप्त्यावर घेतलं. भाड्याचा एक छोटा गाळा, एक आरसा, एक बेसिन आणि मी, एवढंच तिचं दुकान. पहिल्या दिवशी माझ्यावर तिच्या सासूबाई बसल्या.

"छान आहे हं. ही माझी."

"आई, ती गिऱ्हाइकांसाठी आहे."

"मग मी गिऱ्हाईकच. फुकटातली."

ते दिवस फार चांगले होते. रडणारी पोरं माझ्यावर बसली, लग्नाआधीच्या मुली बसल्या, नोकरी गेलेले लोकही बसले. एका निवृत्त मास्तरांना माझ्यावर बसलं की लगेच झोप लागायची. घरी लागत नसे, म्हणून ते टक्कल असूनही दर आठवड्याला केस कापायला येत. ताई त्यांच्या कानामागे दोनदा कात्री वाजवायची आणि शाल पांघरायची.

हप्ता मात्र ती एकदाही चुकली नाही. नळ फुटला त्या महिन्यात नाही, सासूबाईंचा पाय मोडला त्या महिन्यातही नाही. शेवटचा हप्ता भरून आली तेव्हा तिने मला पायापासून उशीपर्यंत पुसलं आणि म्हणाली, "आता तू खरी माझी." मी आनंदाने करकरले. तिला वाटलं तेल संपलंय.

मग गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. तो ताईला म्हणाला, "तू घेतेस तर पहिला हक्क तुझा. पण महिनाअखेर सांग. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर माझ्या मागे लागलेत." ताई बँकेत गेली. परत आली ती सरळ माझ्यावर येऊन बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती.

"कर्ज नाही देत म्हणतात. माझा क्रेडिट स्कोअर पार तळाला गेलाय. मी हप्ते बुडवले आणि खुर्ची जप्त झाली, असं रिपोर्टात लिहिलंय."

"कुठली खुर्ची?" सासूबाईंनी विचारलं.

"हीच."

"अगं, हिच्यावर तर तू बसलीयेस!"

"तेच तर म्हणतेय मी, आई."

रिपोर्टात जप्तीची तारीख होती. ती वाचून दोघींनी एकदमच वर, छताकडे पाहिलं. त्याच तारखेला डॉक्टरांची खुर्ची जिन्यावरून खाली उतरताना सगळ्या गल्लीने पाहिली होती. डॉक्टरांनी हप्ते खरोखरच बुडवले होते. दोन्ही खुर्च्या हप्त्यावर देणारी कंपनी एकच. कंपनीच्या लेखी आम्ही दोघीही 'मागे कलणारी खुर्ची, एक नग'. पत्ताही एकच, मजला सोडून. वसुलीवाल्यांनी नेली ती आणि नंबर लिहिला माझा. डॉक्टर तेव्हापासून पेशंटला जेवणाच्या खुर्चीवर बसवून त्याचं डोकं भिंतीला टेकवतात. पण त्यांचा स्कोअर? नवीन बशीसारखा लखलखीत.

ताईने कंपनीच्या तक्रार विभागातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, खुर्ची तुमच्याकडे असल्याचा पुरावा द्या. तिने फोटो पाठवला. फोटो जुना असेल, म्हणाले. मग तिने अपहरण झालेल्या माणसासारखं त्या दिवशीचं वर्तमानपत्र माझ्या मांडीवर ठेवून फोटो पाठवला. उत्तर आलं, 'वर्तमानपत्रामुळे खुर्ची झाकली गेली आहे.' शेवटी साहेब म्हणाले, "खुर्चीच घेऊन या."

आम्ही टेम्पोने गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं. "माल आत जायचा तर नोंद लागते." त्याने लिहिलं, 'खुर्ची, एक, जमा.'

साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा, मिटला प्रश्न! खुर्ची आमच्याकडे जमा आहे. म्हणजे रेकॉर्ड बरोबरच आहे."

मित्रांनो, मला दोन हात आहेत, पण ते लोकांनी टेकायचे आहेत. उगारता येत नाहीत. त्याचं दुःख मला आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं.

"साहेब, मी एकूणएक हप्ता भरलाय," ताई म्हणाली.

"भरला असेल. सिस्टीमला तो भरलेला दिसत नाही."

"मग माझे पैसे कोणी घेतले?"

"घेतले आम्हीच. पण तुम्ही भरले नाहीत."

सासूबाई शांतपणे माझ्यावर चढून बसल्या. "मी आता उठत नाही. मलाही जमा करून घे. लिही, म्हातारी, एक नग."

त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी रखवालदारानेच हात जोडून त्यांना घरी पाठवलं, तर सकाळी पुन्हा हजर. ताईपण रोज येऊ लागली. दुकानात खुर्चीच नाही तर दुकान उघडून करणार काय? दरम्यान झोप न झालेले मास्तर आम्हाला शोधत त्या ऑफिसच्या व्हरांड्यात पोचले. ताईने पिशवीतून कात्री काढली. मास्तरांनंतर रखवालदार बसला. त्याच्यानंतर कॅशियर. मग रांगच लागली. तक्रार घेऊन आलेले लोक निदान केस कापून परत जाऊ लागले.

साहेब खवळले. त्यांनी नोटीस काढून माझ्या पाठीवर चिकटवली: 'आपण आपल्या मालकीच्या व ताब्यातील खुर्चीवर आमच्या आवारात विनापरवाना केशकर्तन करीत आहात. सदर खुर्ची तात्काळ हलवावी.' खाली सही, शिक्का.

ताईने ती वाचली. मग अलगद सोडवून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "'आपल्या मालकीच्या.' 'ताब्यातील.' सही कोणाची आहे हो साहेब?"

साहेबांनी बराच वेळ आपलीच सही ओळखायचा प्रयत्न केला. "ठीक आहे. तक्रार मान्य. पण दुरुस्तीला वेळ लागतो."

"चूक व्हायला किती लागला होता?"

"ती लगेच होते," साहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

महिनाअखेर आली आणि गेली. गाळेवाल्याने त्यानंतरही थोडे दिवस वाट पाहिली, त्याला बिचाऱ्याला दोष नाही. बँकेने डॉक्टरांना मात्र चहा पाजून कर्ज दिलं. इतका स्वच्छ इतिहास रोज कुठे पाहायला मिळतो! ताईचं रेकॉर्ड दुरुस्त झाल्याचा कागद आला, तेव्हा ती भिंतीवरून आरसा काढत होती. तिने तो वाचला, आरशाच्या मागे खोचला आणि दोघांनाही चादरीत गुंडाळलं.

आता मी ताईच्या घरी, बाहेरच्या खोलीत असते. निम्मी गिऱ्हाइकं सुटली. केस न्हाणीघरात धुवावे लागतात आणि जेवताना ताटात केस निघाला की कोणी काही बोलत नाही.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुमच्या नावावर अजून दुसऱ्या कोणाची चूक लिहिलेली नाही. मोठे झालात की आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वरचेवर मागवून वाचा. हप्ते संपले की ते संपल्याचं पत्र मागा आणि ते हातात पडेपर्यंत दारातून हलू नका. वस्तूंना तेल घाला. बाकी त्या साहेबांना मला एवढंच म्हणायचं आहे:

विषय: नोंद वर्ग करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर चूक ताईच्या नावे जितका काळ होती, तितकाच काळ ती आपल्या नावे, व्याजासह, नोंदवून ठेवावी. त्या काळात आपणास हप्त्यावर काहीही, टेबलावरचा पंखासुद्धा, मिळू नये. हा अर्ज मंजूर होईपर्यंत आपल्या कार्यालयातील सर्व संबंधितांनी उभ्यानेच काम करावे. कळावे.