नदीकडे पाठ

इनोसी आणि मकेरेता सख्खी भावंडं, लहानपणी एकाच चटईवर लोळलेली. ती वयात आली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, रीत होती. विती लेवू बेटावरच्या त्या डोंगरात मोठी झालेली बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, नाव घेत नाहीत, समोर आली तर वाट बदलतात. जितकी माया तितकं अंतर. काही सांगायचंच झालं तर मध्ये माणूस घालायचा. या दोघांमधला माणूस म्हणजे आतेभाऊ सेवानाया. आणि आतेभावाची रीत नेमकी उलटी. त्याने मामेबहिणीची टर उडवली नाही, तर लोक विचारणार, काय रे, बरं नाही का? असल्या माणसाच्या हाती निरोप द्यायचा, आणि त्याला शहाणपण म्हणायचं!

त्या शनिवारी इनोसी उतारावरच्या अळवाच्या मळ्यात तण काढत होता. गावावर लख्ख ऊन होतं, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. खाली नदीत मकेरेता एकटीच कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगडांखाली हात घालून झिंगे पकडत होती. रविवारच्या जेवणाला झिंगे लागतातच. इनोसीने मान वर केली तर डोंगराचा माथा दिसेनासा झालेला. तिकडे आभाळ नुसतं ओतत होतं. नदीतून हिरवी, ताजी तुटलेली पानं वाहत येऊ लागली, मागोमाग मुळासकट उपटलेली रोपं. शेजारच्या वाफ्यात सेवानाया काम करत होता, इनोसी त्याच्याकडे वळला.

"सेवा, पळ. तिला म्हणावं बाहेर निघ, लोंढा येतोय."

"तूच मार की हाक. इथनं ऐकू जाईल."

इनोसीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"बरं बाबा, जातो. डोळे कशाला काढतोस?"

सेवानाया काठावर जाऊन ओरडला, "ए म्हातारे, निघ बाहेर! नदी येतेय तुला न्यायला!"

"येऊ दे. तुझं थोबाड तरी बघायला नको!"

"अगं, खरंच. तुझ्या भावाने सांगून पाठवलंय."

"मागच्या आठवड्यातही भावानेच सांगितलं होतं ना, पाद्रीबाबा जेवायला येतायत म्हणून? चांगली अंडी देणारी कोंबडी कापली मी!"

"बायबलची शपथ गं."

"तेव्हाही बायबलच होतं, मेल्या!" आणि तिने ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. भिजलेला सेवानाया हसला. हसूच आलं त्याला, काय करणार? जन्मभर तिच्यापुढे दुसरं काही केलंच नव्हतं. अर्ध्या उतारावर परत येऊन त्याने हात पसरले. "ऐकत नाही ती!"

इनोसीने कुदळ टाकली आणि धावत सुटला. काठावर पोचला तेव्हा पाणी मातीने लाल झालं होतं आणि वळणापलीकडून दगडांवर दगड आपटल्याचा आवाज येत होता. त्याने तोंड उघडलं.

"मकेरेता!"

बावीस वर्षांनी भावाची हाक. तिने दचकून पाहिलं. समोर भाऊ, आणि आपण अशा, अंगाला ओले कपडे चिकटलेले. ती झटकन पाण्यात बसली, गळ्यापर्यंत. तोंड फिरवून घेतलं.

इनोसीला कळलं. मी इथे उभा आहे तोवर ही उठायची नाही. म्हणून त्याने नदीकडे पाठ केली आणि ओरडला, "ऊठ! मी बघत नाहीये! ऊठ, बाई!"

मागून आवाज आला. तो वळला तेव्हा ती बसली होती तिथे लाल पाण्याचा डोंगर चालला होता, आणि त्यात एक अख्खं झाड.

ती दुसऱ्या दिवशी खूप खाली, वाळूत सापडली.

चौकशीला शहरातून एक साहेब आला. "कुणी सूचना दिली नव्हती का?"

"दिली होती," इनोसी म्हणाला. "दोनदा."

साहेब म्हणाला, इथे भोंगा बसवू.

मयताच्या बैठकीत थोरल्या काकांनी यंगोनाची, बैठकीत प्यायच्या त्या मुळीच्या काढ्याची, वाटी इनोसीपुढे धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हाक मारलीस ते जाऊ दे, जीव तुटतो माणसाचा. पण शेवटी पाठ फिरवलीस. मर्यादा राखलीस, पोरा. असा भाऊ असावा." चार माणसांनी माना डोलावल्या. सेवानाया कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. इनोसीला वाटलं, ती वाटी काकांच्या तोंडावर मारावी. पण त्याने रीतीप्रमाणे टाळी वाजवली आणि प्यायला. तेवढीच त्याची हिंमत, हे त्यालाही त्या घोटाबरोबर कळलं.

घरी त्याचा थोरला मुलगा दारापाशी कोयता घासत होता. धाकटी मुलगी, यंदाच वयात आलेली, भावाकडे पाठ करून चुलीशी आईजवळ बसली होती.

"बोला एकमेकांशी," इनोसी म्हणाला. मग किंचाळला, "आत्ता! माझ्यासमोर! काहीतरी बोला!"

मुलगी चुलीकडे आणखी सरकली. मुलाने मान खाली घातली, कोयत्याच्या पात्यावर बोट फिरवलं आणि मग आईकडे वळला.

"आई, तिला सांग, बाबा म्हणतायत बोल म्हणून."