काळा ठिपका

रविवारी दुपारी कुलूपवालीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि ती आतल्या खोलीत आली. भावोजींनी टेबलावर नकाशा पसरून समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. त्यामागे त्यांचे फासे, त्यांची वही आणि त्यांचा दुष्ट मांत्रिक. गेली नऊ वर्षं हा गोष्टीचा खेळ तेच चालवत होते: बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि भावोजींनी त्यांचा शत्रू. औषधांच्या दुकानातला मित्र आधीच येऊन बसला होता. तिसरी खेळाडू, कुलूपवालीची मावशी, मात्र दवाखान्यात होती.

ऑपरेशनला आत नेताना मावशीने कुलूपवालीचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "माझ्या राणीला सांभाळ गं." राणी म्हणजे मावशीचं खेळातलं पात्र, नऊ वर्षं जिवापाड जपलेलं. आणि भावोजींचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: खेळात मेला तो मेला, मग खेळाडू दवाखान्यात का असेना.

मागच्या रविवारी फजितीच झाली होती. मांत्रिक राणीच्या मागावर, आणि त्याच्याकडे अख्खं शहर दाखवणारा आरसा. त्यातून वाचायला खेळाडूंनी राणीच्या खोलीभोवती मंतरलेली राख टाकली. राखेआडचं आरशाला दिसत नाही, हे खरं. पण साऱ्या शहरात तेवढाच एक काळा ठिपका दिसला आणि शिपाई नाकासमोर चालत तिथे आले. सगळे जेमतेम निसटले. आता राखेची एकच पुडी उरली होती.

"राख नकोच. पळू या," मित्र म्हणाला.

"वेशी बंद आहेत," भावोजी गोड हसले.

"कळकट दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं की चोराला पत्ताच मिळतो," कुलूपवाली म्हणाली. "गिऱ्हाइकांना रोज सांगते आणि मागच्या वेळी मीच विसरले. ही पुडी वेशीलगतच्या रिकाम्या कोठारात टाका. राणी जाईल मांत्रिकाच्याच महालात, धुणं धुवायला. अंगावर राखेची चिमूटही नको."

मित्राने कपाळावर हात मारला. "मावशीला काय तोंड दाखवणार आहेस?"

"आरशात माणसं स्पष्ट दिसतात हं," भावोजी म्हणाले.

"दिसू देत. मांत्रिकाने राणीचा चेहरा कधी पाहिलाय?"

भावोजींनी वहीची पानं उलटली. पहिल्याच वर्षी त्यांनीच लिहिलं होतं: राणी सदैव बुरख्यात. त्यांचं तोंड पडलं, पण माणूस सच्चा. शिपाई कोठारावर धावले आणि उंदीर मोजून परत आले. मग राणी धुणं धुत होती त्या अंगणातून मांत्रिक स्वतः निघाला. त्याची नजर किती बारीक, हे फासा ठरवणार होता: आकडा जितका मोठा, तितकं त्याला जास्त दिसणार.

"आडोशामागे नको, सगळ्यांसमोर टाका," कुलूपवाली म्हणाली. "हवा तेवढा मोठा पडू दे."

पडला वीस. त्याहून मोठा आकडा त्या वीस बाजूंच्या फाशावर नव्हताच. मित्राने डोळे मिटले.

"मांत्रिक थांबतो," भावोजी सावकाश म्हणाले. "बारकाईने बघतो. त्याला सगळं दिसतं. भेगाळलेले हात, ओल्या बाह्या, दमलेला चेहरा. धुणं धुणारी एक बाई." त्यांनी फासा उचलला. "'कॉलर नीट घास,' म्हणतो आणि पुढे जातो."

कुलूपवालीने टेबलावर थाप मारली. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिने तिथूनच मावशीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मावशी हसली, टाके दुखले म्हणून कळवळली, पुन्हा हसली.

"राणीला तिथून हलवू नका," ती म्हणाली. "नऊ वर्षं त्या महालाचं दार बाहेरून फोडतोय आपण. मी आले की आतून उघडते."